हेर की पारखी?

‘स्काउटिंग’ या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द सापडत नाही. ‘टेहळणी’ म्हटलं की बुरुजावरचा पहारेकरी डोळ्यांपुढे येतो. ‘हेरगिरी’ म्हटलं की बहिर्जी नाईक आठवतात, आणि त्यांच्याबद्दल कितीही आदर असला तरी शेजारच्या शाळेतल्या पोरांच्या बाबतीत तो शब्द वापरायला जीभ धजत नाही. ‘पाहणी’ म्हटलं की तलाठी पिकं बघायला निघाल्यासारखं वाटतं. त्यातल्या त्यात ‘पारख’ हा शब्द जवळचा. पण पारख करणारा वस्तू घेणार आहे की नुसतीच कसाला लावून परत देणार आहे, हे त्यातूनही कळत नाही.

शब्दाची ही अडचण मला आताशा नीतीची अडचण वाटू लागली आहे. मुलीच्या निमित्ताने गेली चार वर्षं मी इथल्या हायस्कूलच्या रोबो-स्पर्धांना जातो. मुलांचे डबे पोचवणं, पिझ्झा मोजून मागवणं आणि हत्यारांच्या पेट्या उचलणं एवढीच माझी तिथली पात्रता. पण बाकांवर बसून बसून एक प्रश्न मनात घर करून राहिला. पंधरा-सोळा वर्षांची मुलं हातात टॅब्लेट घेऊन दुसऱ्या शाळांच्या मुलांवर दिवसभर नजर ठेवतात, त्यांचं काय जमलं आणि काय फसलं ते टिपतात, आणि रात्री त्याचा तक्ता करतात. दुसऱ्याला असं निरखणं, त्याचं मोजमाप लिहून ठेवणं आणि ते आपल्या फायद्यासाठी वापरणं यात काही गैर आहे का? असलं तर ते नेमकं कुठे सुरू होतं?

ज्यांच्या घरी या वयाची मुलं नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. डीन केमन या संशोधकाने १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ नावाची संस्था काढली आणि १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टरला एका शाळेच्या जिममध्ये २८ संघांची पहिली स्पर्धा भरवली. आज जगभरातले हजारो संघ यात उतरतात. मुंबईतली शाळकरी मुलंही त्यासाठी अमेरिकेत येऊन गेली आहेत. दर वर्षी जानेवारीत नवा खेळ जाहीर होतो आणि मार्चमध्ये मुलं आपला रोबो घेऊन मैदानात हजर होतात. २०२४ च्या खेळात फोमच्या नारिंगी कड्या उचलून उंचावरच्या खिडकीत फेकायच्या होत्या आणि शेवटी रोबोने साखळीला लटकून स्वतःला जमिनीवरून उचलायचं होतं. बंपर आणि बॅटरी सोडून सव्वाशे पौंडांपर्यंतचं धूड होतं ते! तेव्हा सामना अडीच मिनिटांचा होता. त्यातले पहिले १५ सेकंद कुणी हात लावायचा नव्हता. रोबोने आपल्या बुद्धीने चालायचं.

एका बाजूला तीन रोबो, दुसऱ्या बाजूला तीन. या तिघांच्या गटाला इथे ‘अलायन्स’ म्हणतात. मराठी माणसाला ‘युती’ म्हटलं की जास्त लवकर समजेल, कारण इथेही सकाळचा मित्र दुपारी समोरच्या बाकावर असतो. साखळी सामन्यांत कोण कुणाच्या युतीत हे संगणक ठरवतो. आमच्या मिशिगनमधल्या जिल्हा स्पर्धेत प्रत्येक संघाला १२ साखळी सामने मिळतात. ४० संघ असले तर ८० सामने, आणि प्रत्येक सामन्यात सहा रोबो. म्हणजे एकूण ४८० वेळा कुणीतरी कुणाकडे तरी पाहून काहीतरी लिहायचं. सहा मुलं बाकांवर, प्रत्येकाच्या वाट्याला एक रोबो. किती कड्या आत, किती बाहेर, कुठे अडकला, लटकला की पडला. आपला संघ खेळत असला तरी आपल्या वाट्याच्या रोबोवरून नजर हलवायची नाही.

साखळी संपली की क्रमवारीतले वरचे आठ संघ कर्णधार होतात आणि भर मैदानात, माइकवर नाव पुकारून, प्रत्येकी दोन साथीदार निवडतात. पहिल्या फेरीत पहिल्यापासून आठव्यापर्यंत, दुसऱ्या फेरीत उलट आठव्यापासून पहिल्यापर्यंत. (वरच्यांनी एकमेकांनाच निवडलं तर खालचे कर्णधारपदाला वर सरकतात.) २४ संघ बाद फेरीत जातात, उरलेले १६ बाकांवर. स्वयंवरच म्हणा ना!

आणि स्वयंवर म्हटलं की त्याआधी ‘मुलगी पाहणं’ आलंच. स्पर्धेच्या सकाळी मुलं दोघादोघांनी प्रत्येक संघाच्या ‘पिट’मध्ये, म्हणजे दहा बाय दहा फुटांच्या छोट्या कार्यशाळेत, जाऊन चौकशी करतात. आपल्या पिढीला हा सोहळा परका नाही. पोह्यांऐवजी इथे बिल्ले वाटतात एवढाच फरक. उंची किती, वजन किती, काय काय येतं? आणि उत्तरंही त्याच घराण्यातली. ‘लटकतो ना! परवा सरावात लटकला होता.’ माझ्या मावशीच्या लग्नाच्या वेळी ‘पेटी वाजवते’ असं सांगण्यात आलं होतं. घरात पेटी होती, एवढं खरं होतं.

पण एक गोष्ट मला या मुलांची आवडली. त्यांच्या तक्त्यात दोन वेगळे रकाने असतात: ‘ते म्हणतात’ आणि ‘आम्ही पाहिलं’. समोरच्याला खोटारडा ठरवायची गरज पडत नाही, आणि त्याच्या शब्दावर आंधळा विश्वासही टाकावा लागत नाही. दोन रकान्यांत अंतर पडलं तर ते अंतर लिहून ठेवायचं, त्याचं कारण आपल्या मनाने भरायचं नाही. लग्नाच्या बाजारात ही पद्धत असती तर कितीतरी घरांतली भांडणं वाचली असती.

आता सोपा प्रश्न आधी निकालात काढू. नुसतं पाहणं गैर आहे का? २०२३ च्या मोसमात आमच्या मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल संघावर आरोप झाला, की पुढे ज्यांच्याशी खेळायचं त्यांच्या सामन्यांना माणसं पाठवून त्यांच्या खुणांचं चित्रण केलं गेलं. कॉलेजच्या खेळांत प्रत्यक्ष जाऊन अशी आगाऊ टेहळणी करायला १९९४ पासून बंदी आहे. त्या मोसमात प्रशिक्षक जिम हार्बो यांना शेवटचे तीन साखळी सामने मैदानाबाहेर काढावे लागले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये न्यूझीलंडच्या सरावावर ड्रोन उडवल्याबद्दल कॅनडाच्या महिला फुटबॉल संघाचे सहा गुण कापले गेले. गंमत अशी, की दुसऱ्याच्या सामन्याला जाऊन बसणं, ज्याबद्दल फुटबॉलमध्ये एवढं रामायण झालं, ते आमच्या रोबोवाल्या मुलांचं रोजचं काम आहे. म्हणजे गैर जे आहे ते पाहण्यात नाही. सगळ्यांनी मिळून जे झाकलेलं ठेवायचं ठरवलं, ते एकट्याने उघडून पाहण्यात आहे.

मी ज्या मोटारींच्या धंद्यात आहे तिथे प्रतिस्पर्ध्याची नवी गाडी बाजारात आली की रीतसर पैसे मोजून ती विकत घ्यायची आणि स्क्रू न् स्क्रू सुटा करून टेबलावर मांडायची, हा नेहमीचा उद्योग. त्याला कुणी चोरी म्हणत नाही. तीच माहिती त्यांच्या नोकराला पैसे चारून मिळवली तर मात्र कोर्टाची पायरी चढावी लागेल. कौटिल्याने अर्थशास्त्रात गूढपुरुषांचे प्रकार सांगताना ‘कापटिक’ हा प्रकार आधी सांगितला आहे, आणि हा कापटिक कोण, तर विद्यार्थ्याच्या रूपातला हेर! आमचे विद्यार्थी त्याच्या अगदी उलट. अंगात संघाचा भडक शर्ट, पाठीवर वीतभर आकड्यांत संघाचा क्रमांक, आणि तोंडावर विचारलेले प्रश्न. आपण उघडपणे पाहायचं आणि दुसऱ्यालाही आपल्याकडे तसंच पाहू द्यायचं. एवढं पाळलं तर हेरगिरीचा ठपका निघून जातो.

अवघड प्रश्न त्यानंतर सुरू होतात. पहिला असा, की आपण जे लिहितो ते कितपत खरं असतं? ‘शितावरून भाताची परीक्षा’ आपण सहज म्हणून जातो. पण एका पातेल्यातली शितं एकाच आचेवर शिजलेली असतात. इथे प्रत्येक सामना वेगळ्या चुलीवरचा. साथीदार चिठ्ठ्या टाकल्यासारखे मिळतात. चांगला रोबो चार वेळा बंद पडणाऱ्या साथीदारांबरोबर खेळला की क्रमवारीत तळाला जातो. साधारण रोबो दोन बलाढ्य साथीदारांच्या पंखाखाली वर चढतो. यावर उपाय म्हणून मुलं गणित करतात. समजा, मंडळाच्या गणपतीत दहा दिवस रोज तीन वेगळ्या घरांनी मिळून मोदक केले आणि आपल्याला रोजचा एकूण आकडा तेवढा ठाऊक आहे. समीकरणं मांडून कुणाचा हात किती चालतो याचा अंदाज काढता येतो. रोबोंच्या बाबतीत या आकड्याला ‘ओपीआर’ म्हणतात. गणित ठीक आहे. पण जी बाई स्वतः मोदक वळत नाही आणि नैवेद्याआधी ते पळवणाऱ्या पोरांना (आणि नवऱ्यांना) दारात उभी राहून अडवते, तिच्या नावापुढे शून्य येतं! प्रतिस्पर्ध्याची वाट अडवणाऱ्या रोबोचं असंच होतं. त्याचं काम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय समजत नाही.

आणि इथेच या स्पर्धेची रचना मोठी शहाणी आहे. निवड उलट फिरत येते, त्यामुळे पहिल्या क्रमांकाच्या युतीला आपला दुसरा साथीदार सगळ्यात शेवटी, चोविसावा, निवडावा लागतो. तोवर नावाजलेले सगळे संपलेले असतात. पहिले दहा संघ कुणालाही दिसतात. त्यासाठी टॅब्लेट घेऊन बसायला नको. स्काउटची खरी परीक्षा बाविसाव्या ते पस्तिसाव्या क्रमांकात असते. ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष नाही त्यांच्याकडे नीट पाहावं लागतं आणि नशिबामुळे कोण खाली गेलं आहे, कोण कुवतीमुळे, हे ओळखावं लागतं. अशा पाहण्यात न्याय आहे असं मला वाटतं. चिठ्ठ्यांनी जे वाकडं केलं ते लक्षपूर्वक पाहणारा माणूस थोडं सरळ करतो.

मात्र लक्षपूर्वक पाहिल्यावर जे दिसतं त्याची जबाबदारीही येते. २०२४ च्या मार्चमधली गोष्ट. एका छोट्या शाळेचा रोबो सामन्यात मध्येच ठप्प व्हायचा. माझ्या मुलीच्या लक्षात आलं, की जोराची धडक बसली की तो मरतो आणि मिनिटभराने आपोआप जिवंत होतो. म्हणजे रेडिओची वीज तुटते आहे, कुठेतरी वायर ढिली आहे. तिची पाळी संपल्यावर ती त्यांच्या पिटमध्ये जाऊन हे सांगून आली. त्यांनी वायर नवी घातली, घट्ट बांधली. त्याच दुपारी तो संघ आमच्या विरुद्ध होता. अडीच मिनिटं त्या रोबोने आमच्या रोबोला वाटच दिली नाही. आम्ही हरलो आणि क्रमवारीत दोन जागा खाली आलो.

रात्रीच्या बैठकीत एक मुलगा चिडून म्हणाला, ‘तू नक्की कुणाच्या संघात आहेस?’ त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. तीस मुलांनी दोन महिने शनिवार-रविवार घालवून रोबो बनवला होता. स्काउटिंगचं कामही सहा जणांचं होतं. त्या सगळ्यांच्या कष्टातून हाती आलेली माहिती तिने कुणाला न विचारता देऊन टाकली. ‘सांगायचंच होतं तर आपला सामना झाल्यावर सांगायचंस,’ तो म्हणाला. मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘ते बंद पडल्यामुळे आपण जिंकलो असतो तर मी तक्त्यात काय लिहिणार होते? आपण चांगले खेळलो असं?’

मी पिझ्झाचे खोके आवरत होतो. बोलायचा अधिकार मला नव्हता. पण तेव्हापासून यावर विचार करतो आहे. आपल्या माणसांशी इमान राखणं हा छोटा धर्म नाही. प्रतिस्पर्ध्याची चाल आपण ओळखली तर ती त्याला जाऊन सांगायला आपण बांधलेले नाही. ती ओळखणं हाच तर खेळ. पण ढिली वायर ही चाल नव्हे. ती त्यांना दिसत नव्हती आणि आम्हाला दिसत होती. गप्प राहून मिळालेला विजय त्या वायरीचा झाला असता. म्हणून ती सांगून आली हे योग्यच झालं असं मी म्हणेन. त्या मुलाचंही एवढं मान्य करीन, की आपल्या संघाला ‘सांगू का?’ असं विचारायची गरज नव्हती, पण ‘मी सांगायला चालले आहे’ हे कळवायला हवं होतं. भलेपणाचा खर्च चौघांच्या खिशातून होणार असेल तर चौघांना आधी कळलेलं बरं.

त्याच बैठकीत आणखी एक पान निघालं. निवड करताना मुलं ‘हवेत’ या यादीबरोबर ‘नकोत’ अशीही एक यादी करतात. त्या छोट्या शाळेपुढे कुणीतरी लिहिलं होतं, ‘नऊपैकी चार सामन्यांत बंद.’ माझी मुलगी म्हणत होती, ‘दुरुस्तीनंतर तीन सामन्यांत एकदाही बंद नाही’ असं लिहा. दोन्ही वाक्यं खरी होती! दुसऱ्या एका संघापुढे शेरा होता, ‘ड्रायव्हर घाबरट.’ मुलांच्या मार्गदर्शक बाई शांतपणे म्हणाल्या, ‘तो ड्रायव्हर तुझ्या मागे उभा आहे असं समज आणि हे मोठ्याने वाच.’ लिहिणाऱ्याने वाचायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग खोडून लिहिलं, ‘शेवटच्या तीस सेकंदांत कड्या जास्त चुकतात.’ खोडण्याआधी त्या शेऱ्यात माणसाचा निकाल होता. नंतर उरलं ते फक्त जे दिसलं ते. दुसऱ्या वाक्याचा उपयोगही जास्त होता, हे विशेष.

या प्रसंगाने मला थेट उद्योगपर्वात नेऊन सोडलं. युद्धाच्या तोंडावर दुर्योधन भीष्मांना विचारतो, दोन्ही बाजूंच्या वीरांत रथी कोण, अतिरथी कोण? आणि पितामह एकेकाची प्रतवारी सांगत जातात. माझ्या मते जगातल्या जुन्या स्काउटिंगच्या तक्त्यांपैकी हा एक. भीष्म शत्रूचे गुण सांगताना हात आखडत नाहीत. भीम एकटा आठ रथींच्या तोलाचा, असा चक्क आकडा देतात. पण आपल्याच बाजूच्या कर्णाची पाळी आली तेव्हा ते त्याला ‘अर्धरथी’ म्हणतात. शाप आहे, कवचकुंडलं गेली आहेत, अशी कारणंही देतात. द्रोण मान डोलावतात. कर्ण भर सभेत संतापतो आणि भीष्म असेपर्यंत लढणार नाही असं सांगून निघून जातो. दहा दिवस कौरवांचा मोठा योद्धा शिबिरात बसून राहिला, तो एका शेऱ्यापायी.

आमच्या बाईंची कसोटी भीष्मांनी पाळली होती. ते जे बोलले ते कर्णाच्या तोंडावर बोलले. तरीही काहीतरी चुकलं, आणि काय चुकलं ते महाभारतच पुढे सांगतं. शरशय्येवर पडलेल्या भीष्मांना कर्ण भेटायला येतो तेव्हा ते कबूल करतात, की तुझं तेज कमी व्हावं म्हणून मी तुला कठोर बोलत असे. अस्त्रविद्येत तू अर्जुनाच्या तोडीचा आहेस हे मला ठाऊक आहे. म्हणजे ‘अर्धरथी’ हे मोजमाप नव्हतंच. आकड्याच्या वेषात दिलेली ती शिक्षा होती. हेतू कदाचित चांगला असेल, कुळातलं भांडण टाळण्याचा असेल. पण मोजणाऱ्याने हेतूसाठी मापात फेरफार केला की पुढे त्याच्या खऱ्या मापावरही कुणी विश्वास ठेवत नाही. म्हणून दोन कसोट्या लागतात. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याच्यासमोर ते वाचता आलं पाहिजे. आणि जे लिहिलं ते त्याला वर चढवण्यासाठी किंवा खाली ओढण्यासाठी नसून, दिसलं म्हणून लिहिलेलं असलं पाहिजे.

इथे एखादा चिकित्सक वाचक विचारील, की हे सगळं शेवटी जिंकण्यासाठीच ना? उद्याचा साथीदार हवा म्हणून आजच्या प्रतिस्पर्ध्याचे गुण शोधायचे, ही कसली गुणग्राहकता? प्रश्न रास्त आहे. ‘फर्स्ट’च्या उभारणीत केमन यांच्याबरोबर असलेले एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स (२०१९ मध्ये ते गेले) यांनी ‘ग्रेशस प्रोफेशनॅलिझम’ हा शब्दप्रयोग रूढ केला: जीव तोडून लढा, पण समोरच्याचा मान राखून. संस्थेने ही वृत्ती नियमांतही गुंफली आहे. २०१२ च्या खेळात दोन विरोधी युतींच्या रोबोंनी मधल्या पुलावर एकत्र तोल सांभाळला तर दोघांनाही विजयाइतकेच क्रमवारीचे गुण मिळत. आणि दुसऱ्या युतीतल्या संघाला ‘या सामन्यात जरा कमी खेळा’ असं सुचवायला नियमाने बंदी आहे. म्हणजे स्वार्थ आणि सौजन्य एका दावणीला बांधायचा प्रयत्न आहे हा. मला त्यात ढोंग दिसत नाही. मुलाला आधी खाऊसाठी पाढे म्हणायला लावतातच. पाढे पाठ झाल्यावर खाऊ सुटतो, पाढे राहतात.

पण पाढे खरंच राहिले का, हे खाऊ संपल्यावरच कळणार. आमच्या मुलांनी गेल्या दोन मोसमांत एक प्रथा सुरू केली आहे. निवड झाल्यावर जे १६ संघ बाकांवर उरतात त्यांच्याबद्दलच्या नोंदी आता कुणाच्याच कामाच्या नसतात. त्या नोंदींतून प्रत्येक संघासाठी अर्धं पान काढतात आणि त्यांना नेऊन देतात: तुमचं हे चांगलं दिसलं, हे इतक्यांदा फसलं, बहुधा या कारणाने. यात फायदा शून्य. काही संघ ते पान घडी करून खिशात ठेवतात, काही टेबलावर तसंच टाकून जातात. मी मोजलेलं नाही.

आता थोडं आपल्याबद्दल. मंडळाच्या पॉटलकला हातात ताट घेऊन आपण जे करतो ते काय असतं? ‘तुमच्या धाकट्याचं काय, कुठे लागला?’ ‘एसएटीला किती होते?’ ‘अजून त्याच कंपनीत का?’ उत्तर ऐकताना डोक्यात एक तक्ता भरला जात असतो, आणि गाडीत बसल्यावर नवरा-बायकोत त्याची बैठकही होते. आपल्या तक्त्यात ‘ते म्हणतात’ आणि ‘आम्ही पाहिलं’ यांच्याखेरीज ‘लोक म्हणतात’ असा तिसरा रकाना असतो, आणि सगळ्यात भरलेला तोच. नावडतीचं मीठ अळणी लागतं आणि आवडतीचं खारट झालेलंही चालून जातं. ज्याचं मूल कुठे ‘लागलं’ नाही ते जोडपं हळूहळू कार्यक्रमांना येईनासं होतं. कुणी त्यांना अर्धरथी म्हणालेलं नसतं. पण तेही तक्ता वाचू शकतात.

खरं तर हे आपल्याला जास्त कळायला हवं. आपणही कधीतरी कुणाच्या तरी तक्त्यातली एक ओळ होतो. जीआरईचे आकडे, व्हिसाच्या खिडकीपुढची दोन मिनिटं, एच-वनची सोडत. आपण हुशार होतो हे खरंच, पण आपल्याइतकेच हुशार वर्गमित्र दुसऱ्या चुलीवर शिजले आणि मागे राहिले, हेही आपल्याला ठाऊक आहे. आपली ओळ वाचताना कुणीतरी आकड्यापलीकडे पाहिलं, म्हणून आपल्यापैकी काहीजण आज इथे आहेत. निदान आपल्या ताटापलीकडे बसलेल्या माणसाकडे पाहताना एवढी आठवण राहावी.

जाता जाता एक विनंती. मार्चमध्ये आपल्या गावाजवळच्या एखाद्या शाळेत ही स्पर्धा असते. प्रवेश फुकट आहे. मूल त्यात नसलं तरी जा. जाताना एक वही न्या. पडद्यावर क्रमवारी लागलेली असते, तिच्यात तिसाव्याच्या आसपासचा कुठलाही एक संघ निवडा आणि दिवसभर फक्त त्यालाच पाहा. दुपारपर्यंत तुम्हाला त्याच्याबद्दल असं काही दिसेल जे त्या पडद्यावर नाही. ते लिहा, आणि निघण्यापूर्वी त्यांच्या पिटमध्ये जाऊन त्या मुलांना वाचून दाखवा.